घरच्या घरी गाडीच्या काचांना फिल्म लावावी का? सोलापूरकरांचा अनुभव हवा आहे

शाळेची घंटा
नमस्कार. मी सोलापुरात राहते, तुळजापूरजवळच्या एका शाळेत शिकवते आणि गेली सहा वर्षे रोज स्वतः गाडी चालवत ये-जा करते. या रस्त्याची एक अडचण रोज जाणाऱ्यालाच कळते. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन उजव्या खिडकीतून येते आणि संध्याकाळी दक्षिणेकडे परतताना सूर्य पश्चिमेला गेलेला असल्यामुळे ते पुन्हा उजव्याच खिडकीतून येते. माझा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत डाव्या हातापेक्षा स्पष्टपणे काळवंडला आहे आणि या वर्षी त्यावर डाग उठू लागले आहेत. त्वचेच्या डॉक्टरांनी लोशन दिले, पूर्ण बाह्या घालायला सांगितल्या आणि गाडीच्या काचेचा काही बंदोबस्त करता आला तर पाहा, असेही सुचवले.

दोन दुकानांत चौकशी केली. दोन्हीकडे सर्वांत गडद फिल्म पुढे करण्यात आली आणि कायद्याबद्दल विचारल्यावर "मॅडम, कोणी अडवत नाही" एवढेच उत्तर मिळाले. त्यावर माझा विश्वास बसला नाही. माझे धाकटे दीर हाताने कामे करण्यात तरबेज आहेत आणि फिल्म आणली तर रविवारी घरीच लावू, असे ते म्हणतात. घरी हे काम नीट होते का, ते कायद्यात बसते का आणि त्याने खरोखर काही उपयोग होतो का, हे कृपया ज्यांनी केले आहे त्यांनी सांगावे.

विजापूर वेस
ताई, माझा स्पष्ट सल्ला आहे की या फंदात पडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल देऊन ४ मे २०१२ पासून गाड्यांच्या काचांवर कोणत्याही टक्क्याची (म्हणजे कितीही टक्के प्रकाश आत सोडणारी) काळी फिल्म लावण्यास मनाई केली. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असणाऱ्यांच्या गाड्या तेवढ्या वगळल्या. आपण शिक्षिका आहात. रस्त्यात पोलिसांनी थांबवून सर्वांसमोर फिल्म ओरबाडून काढली, तर ते बरे दिसणार नाही.

लूमचा आवाज
मी दोन गाड्यांना घरी फिल्म लावली आहे. पहिली पूर्ण बिघडली, दुसरी चार वर्षे टिकून आहे. कायद्याचे जाणकार बोलतीलच, मी फक्त कामाबद्दल लिहितो.

सोलापुरात हे काम बिघडण्याची दोन मोठी कारणे आहेत, पाणी आणि धूळ. पहिल्या वेळी मी बोअरच्या पाण्यात साबण कालवून फवारा मारला. आपल्याकडचे बोअरचे पाणी किती जड असते, हे बादलीच्या कडेला साचणाऱ्या पांढऱ्या थरावरून सर्वांना माहीत आहेच. तेच क्षार काच आणि फिल्म यांच्यामध्ये अडकले आणि पाणी सुकल्यावर काचेवर पांढरट ठिपक्यांची नक्षी उमटली. ती बाहेरून पुसता येत नाही आणि आतूनही पुसता येत नाही, कारण ती दोन्हींच्या मध्ये असते. दुसऱ्या वेळी मी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी पाच लिटर आणले आणि लिटरमागे लहान मुलांच्या शाम्पूचे चार-पाच थेंब घातले. शाम्पू जास्त झाला तर फिल्म धरत नाही आणि कमी झाला तर ती सरकवता येत नाही.

वेळही महत्त्वाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहानंतर काच इतकी तापते की फवारलेले पाणी फिल्म ठेवेपर्यंत उडून जाते. आम्ही पहाटे साडेपाचला सुरुवात केली. त्याआधी पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर पाणी मारून धूळ बसवली आणि पंखा बंद ठेवला. लूमच्या शेडमध्ये मात्र हे काम कधीही करू नये. सुताचे तंतू हवेत तरंगत असतात आणि कागद सोलल्यावर डिंकाची बाजू त्यांना ओढून घेते.

कडक भाकरी
गाडी उन्हात उभी करताना मी पुढच्या काचेच्या आतून जुनी सोलापुरी चादर पसरतो आणि स्टीअरिंगवर टॉवेल टाकतो. त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा फिल्मचा झालेला नाही. अर्थात ताईंचा प्रश्न चालत्या गाडीचा आहे, हे मला कळते आहे.

काळा कोट
विजापूर वेस यांनी सांगितलेला निकाल खरा आहे, परंतु गोष्ट तिथेच संपत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ साली न्यायालयाने त्या वेळच्या नियमाचा अर्थ असा लावला की काच कारखान्यातूनच तशी असावी आणि नंतर तिच्यावर काळी फिल्म किंवा अन्य कोणतेही साहित्य चिकटवू नये. पुढे या नियमात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यात सुरक्षा काचेच्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हा पर्याय आला. आय. एस. २५५३ भाग २ या भारतीय मानकात अशा ग्लेझिंगमध्ये आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेल्या काचेचाही समावेश आहे. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये निर्णय दिला की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी, मानकात बसणारी फिल्म लावल्याबद्दल वाहनमालकाला दंड करता येणार नाही, आणि असे ग्लेझिंग केवळ कारखान्यानेच केले पाहिजे असेही नाही.

आता सावधगिरीचा भाग. तो निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. युक्तिवादात तो आधार म्हणून वापरता येतो. नियमातील दुरुस्ती मात्र केंद्राची असल्यामुळे ती सोलापुरातही लागू आहे. रस्त्यावरील पोलीस कर्मचाऱ्याच्या मनात अजून २०१२ चाच निकाल पक्का बसलेला असू शकतो. म्हणून फिल्म लावायचीच असेल तर मानकाचा आणि प्रकाशाच्या टक्केवारीचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र व पक्के बिल गाडीत ठेवावे. गडद फिल्मला कोणताही बचाव नाही, हे मी अशिलांनाही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

जुळे सोलापूर ४१३००४
काळा कोट सरांचे म्हणणे मी भोगले आहे. एका दुकानदाराने मला "मान्यताप्राप्त, ५० टक्क्यांची" म्हणून फिल्म विकली आणि बाजूच्या चारही काचांना लावून दिली. पंढरपूर रस्त्यावर पोलिसांनी गाडी थांबवून काचेतून किती प्रकाश जातो हे मोजणारा मीटर लावला तेव्हा आकडा ३९ आला. मी बिल दाखवत होतो, ते मीटर दाखवत होते. दंड भरला आणि भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभा राहून मी स्वतः चारही काचांची फिल्म नखांनी सोलली. मुले गाडीत बसून पाहत होती. फिल्म ५० टक्क्यांची असूनही आकडा ३९ कसा आला, हे मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेले नाही.

प्रकाशाचा कोन
ते मी समजावतो. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो.

आपली मूळ काचसुद्धा सगळा प्रकाश आत सोडत नाही. आजकालच्या गाड्यांच्या काचांना बहुधा हिरवट झाक असते. माझ्या गाडीची बाजूची काच मी मीटरने मोजली तेव्हा ७७ टक्के आली. फिल्मवर छापलेला आकडा एकट्या फिल्मचा असतो, पण मीटर काच आणि फिल्म दोन्ही मिळून मोजतो. म्हणजे ७७ टक्क्यांचे ५० टक्के घ्यायचे. उत्तर साडेअडतीसच्या आसपास येते. जुळे सोलापूर यांचा आकडा तिथूनच आला. दुकानदाराने फिल्म खरोखर ५० टक्क्यांची दिली असेल, तरीही काच नियमाबाहेर गेली. त्याच काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली तर सुमारे ५४ टक्के मिळतात आणि काच नियमात राहते. पुढच्या आणि मागच्या काचेला ७० ची मर्यादा असल्यामुळे तिथे जवळजवळ पारदर्शक फिल्मखेरीज काहीच बसत नाही.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी ऊर्जा इन्फ्रारेड किरणांत असते आणि ती डोळ्यांना दिसतच नाही. अतिनील किरणांचा वाटा जेमतेम काही टक्के असतो, पण त्वचेचे नुकसान मुख्यतः तेच करतात. म्हणजे काच किती काळी दिसते, यावरून ती उष्णता किती अडवते हे ठरत नाही आणि त्वचा किती वाचवते हेही ठरत नाही. रंगवलेली स्वस्त फिल्म प्रकाश शोषते, स्वतः तापते आणि त्यातील काही उष्णता आतच फेकते. चांगली सिरॅमिक फिल्म (सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण असलेली) फिकट असूनही इन्फ्रारेडचा बराच भाग अडवते आणि अतिनील किरण ९९ टक्क्यांपर्यंत रोखते.

ताईंच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट लागू आहे. पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर दाबून केलेली असते आणि तो थर अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतो. बाजूची काच बहुतेक गाड्यांत एकेरी, टफन्ड असते आणि तिच्यातून 'यूव्ही-ए' (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात. म्हणून डाव्या हातापेक्षा त्यांचा उजवा हात जास्त काळवंडला. त्यांना काळी काच नकोच आहे. अतिनील किरण अडवणारी फिकट फिल्म हवी आहे.

मंगळवेढेकर
प्रकाशाचा कोन सरांनी जे सांगितले, त्याला रात्रीच्या बाजूने माझा दुजोरा. आमच्या भागात गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. अनेकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले असतात आणि बैलगाडी असेल तर तेही नसतात. चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही दारांच्या काचा गडद होत्या. वळणावर डावीकडून रस्त्यावर चढणारी बैलगाडी मला दिसली, तेव्हा बैलाचे शिंग माझ्या आरशाच्या उंचीवर होते. देवाच्या कृपेने वेग कमी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम मी ती फिल्म काढण्याचे केले. बाजूचे आरसेसुद्धा आपण याच काचांतून पाहतो, हे गडद फिल्म मागणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

होटगी रस्ता
मी बारा वर्षे हेच काम करतो, त्यामुळे घरी करू नका असे मी म्हणेन अशी अपेक्षा असेल. मी तसे म्हणणार नाही. पुढच्या दारांच्या काचा जवळजवळ सपाट असतात आणि हात स्थिर असलेली दोन माणसे त्या घरी करू शकतात. मागची मोठी काच मात्र घरी करू नका. तिला दोन्ही दिशांनी गोलाई असते आणि फिल्म हीट गनने आकसवून त्या गोलाईत बसवावी लागते. उष्णता एकाच जागी जास्त झाली तर फिल्म जळते आणि क्वचित काचही तडकते. शिवाय त्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुके घालवणाऱ्या, बारीक तारा असतात. जुना डिंक काढायला तिथे ब्लेड फिरवले की तारा तुटल्याच म्हणून समजा. पुढच्या काचेलाही घरी हात लावू नये. तिथे फास्टॅग असतो आणि धातूचा थर असलेली फिल्म लावली तर टोलवर तो वाचला जाण्यात अडथळा येतो. ताईंना तामलवाडीचा टोल रोज लागतो.

आता नवख्यांची सर्वांत मोठी चूक सांगतो. फिल्मचा तुकडा काचेच्या बाहेरच्या बाजूवर मापून कापायचा असतो, पण लावायचा असतो आतून. मापताना सोलायचा पारदर्शक कागद आपल्याकडे, म्हणजे बाहेरच्या दिशेला असला पाहिजे. तो काचेकडे ठेवून कापला, तर आत नेल्यावर तुकडा उलटा होतो आणि डाव्या काचेचा आकार उजवीकडे बसवण्याची वेळ येते. कागद कोणत्या बाजूला आहे हे नुसते पाहून कळत नाही. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून एकदम ओढा. दोन थर सुटे होतील आणि डिंकाची बाजू बोटाला लागेल.

काच इंचभर खाली घेऊन वरची कड आधी बसवा आणि काचेच्या धारेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर काच वर-खाली करताना कड उचकटते. मग काच पूर्ण वर घेऊन खालची बाजू रबराच्या आत खोचा. त्या रबराला मखमलीसारखी लव असते आणि सगळी घाण तिथूनच येते, म्हणून आदल्या दिवशी ती पट्टी ब्रशने साफ करून घ्या. पाणी मधून कडांकडे काढायचे, प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर थोडी चढवायची आणि घाई करायची नाही.

विजापूर वेस
काळा कोट सरांनी सांगितलेली २०२१ ची दुरुस्ती मला माहीत नव्हती. माझे पहिले मत मी सुधारतो. गडद फिल्मला माझा विरोध कायम आहे, पण ताईंचे कारण वैद्यकीय आहे आणि त्या नियमात राहून करणार असतील तर माझा आक्षेप नाही. फक्त एक शंका आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा खिडकीला जाळीचा पडदा लावला तर चालणार नाही का?

काळा कोट
काका, पुढच्या दाराला पडदा लावल्यास चालकाला आरसा दिसण्यात अडथळा येतो, हा मंगळवेढेकरांचाच मुद्दा झाला. शिवाय २०१२ च्या निकालातील 'अन्य कोणतेही साहित्य' या शब्दांमुळे पडद्यांवरही कारवाई होते आणि पडद्याला मानकाचे प्रमाणपत्र कोणी देत नाही. फिल्मच्या बाजूने निदान कागद तरी आहे.

लूमचा आवाज
होटगी रस्ता यांनी लिहिले ते सगळे खरे आहे. मी पहिल्या वेळी उलटाच तुकडा कापला होता. काचा पुसण्याचे अमोनिया असलेले द्रावण मात्र फिल्मवर वापरू नका. माझ्या पहिल्या गाडीची फिल्म रंगवलेली, स्वस्तातली होती. दोन उन्हाळ्यांत ती जांभळी पडली आणि कडा सुटल्या.

शाळेची घंटा
सर्वांचे मनापासून आभार. मी महिनाभर गप्प होते, कारण तुम्ही सांगितले तसे करून पाहून मगच लिहायचे ठरवले होते.

आधी एका ओळखीच्या गॅरेजमध्ये काच मोजून घेतली. आकडा ७६ आला. त्यावर ७० टक्क्यांची सिरॅमिक फिल्म धरली तर ५३ होतात, म्हणून तीच मागवली आणि प्रमाणपत्र व बिल डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. चारही काचा करण्याचा विचार सोडून दिला. ऊन उजवीकडूनच येते, तर उजवीकडच्या दोनच दारांच्या काचा केल्या. मागच्या सीटवर त्या बाजूला माझी आई बसते.

रविवारी पहाटे दीरांनी आणि मी कामाला सुरुवात केली. मागच्या दाराची काच आधी घेतली, म्हणजे चूक झाली तर निदान माझ्या नजरेसमोरची काच तरी वाचेल. चिकटपट्टीने कागद ओढून बाजू ओळखली, तुकडा बरोबर कापला आणि तरीही पहिला तुकडा वाया गेला, कारण कागद सोलताना तो हातात दुमडून स्वतःलाच चिकटला. दुसऱ्या वेळी दीरांनी वरचे दोन कोपरे धरले, मी कागद सोलत गेले आणि सोललेल्या प्रत्येक वितीवर लगेच पाणी फवारत गेले. तेव्हा तो नीट बसला. दोन काचांना साडेतीन तास लागले. चार दिवस काचा खाली केल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात काच धुरकट दिसत होती आणि मी फार अस्वस्थ झाले होते, पण पुढच्या दहा दिवसांत ती आपोआप स्वच्छ झाली.

गाडी उन्हात उभी असेल तर ती पूर्वीइतकीच तापते, तिथे कडक भाकरी यांची चादरच उपयोगी पडते आणि ती मी आता रोज वापरते. मात्र चालत्या गाडीत उजव्या हाताला जो चटका बसायचा, तो थांबला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला फिल्म आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. गॅरेजमध्ये पुन्हा मोजले तेव्हा दोन्ही काचांचा आकडा ५३ आला. डाग गेले नाहीत, पण डॉक्टर म्हणाले की नवे आलेले नाहीत.

होटगी रस्ता दादा, एक विचारायचे आहे. पुढच्या दाराच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढा फुगा राहिला आहे. तो जाईल का?

होटगी रस्ता
ताई, त्यावर नखाच्या पाठीने हलकेच दाबा. जागेवरून सरकला तर ते पाणी आहे, अजून दोन आठवडे थांबा, सुकून जाईल. सरकला नाही आणि मधोमध टोक लागले, तर रबराच्या पट्टीतून आलेला कण आहे. तो राहणार.

शाळेची घंटा
दाबून पाहिले. टोक लागते आहे. राहू द्या, बसल्यावर तो माझ्या नजरेच्या खाली येतो.